उमेदवारीची वही

आठवडा एकोणिसावा: "हॉल दोन झाडला. पेट्या लावल्या."
विसावा: "वरीलप्रमाणे."
एकविसावा, बाविसावा: नुसती दोन टिंबं,
खाली ब्रिंकशुल्टेंची सही,
लपेटदार, चार आठवड्यांची एका दमात, एकाच शाईत.

मिर्या होल्टहाउस, वय सतरा,
वही माझ्या टेबलावर ठेवून उभी राहिली.
बस म्हटलं, बसली नाही.
"तुम्ही कौन्सिलवर आहात ना? मग हे वाचा.
मी पक्कड घडवायला शिकायला आले होते.
आता मला खराट्याचे तीन प्रकार ओळखता येतात."

हसू आलं. मग अर्ध्यात थांबलं.

कारण चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, ह्याच रेमशाइडमध्ये,
टेकडीखालच्या दुसऱ्या कारखान्यात
(आता तिथे गालिचे विकतात)
मीही अशी वही भरली होती.
फरक एवढाच, की मी खोटं लिहिलं.
"लेथवर आटे पाडले." "पोलादाला पाणी दिलं."
उस्ताद सांगायचा, मी उतरवायचो,
शुद्धलेखन तेवढं माझं.
ह्या पोरीनं निदान
झाडलं ते झाडलं म्हणून लिहिलंय.

सोमवारी ब्रिंकशुल्टेंकडे गेलो.
खिशात कायद्याचं कलम, चौघडी घालून:
धड शिकवत नसेल त्याला
शिकवण्यावरून काढा, असं कौन्सिल म्हणू शकते.
वाक्यं जिन्यातच पाठ करून ठेवली होती.

ते यंत्रापाशी होते, गॉगल कपाळावर.
सगळं ऐकून घेतलं.
हात पुसले, एकेक बोट वेगळं.
मग भिंतीवरची पाटी दाखवली:
पाळीला तीनशे साठ नग.
"यात मुलगी कुठे लिहिलीय, दाखवा," म्हणाले.
"कानस धरायला शिकवायची तर तास जातो.
तासाचे पंचेचाळीस नग.
ते कुणाच्या खात्यावर?"

कलम खिशातच राहिलं.

पुढचे चार महिने सांगण्यासारखे नाहीत.
बैठका, गार कॉफी, तीनदा फिरवलेला मसुदा,
फ्राउ वेस्टहॉफ यांचं "तत्त्वतः मान्य",
म्हणजे नाही.
शेवटी एक ओळ हाती लागली:
शिकवण्याचे तास नगांतून वजा.
आठवड्याला सहा. आम्ही दहा मागितले होते.

मधेच त्या अकरा शिकाऊंची निवडणूक झाली,
त्यांच्या वतीनं बोलायचं कुणी, यासाठी.
कारखान्यातली उमेदवार
मतपत्रिकेवरची उमेदवार झाली.
सात मतं. एक चिठ्ठी कोरी.
तीन यावुझला, तो अजून तिच्याशी बोलत नाही.

झाडू आहेच.
पण आता वेळापत्रकात आहे,
शुक्रवारचा शेवटचा अर्धा तास,
आणि पाळीपाळीनं ब्रिंकशुल्टेंचंही नाव.
ते वाईट झाडतात. कोपरे सोडतात.
मिर्या बोट करून दाखवते.

काल वही पुन्हा माझ्या टेबलावर, न मागता.
आठवडा एकेचाळिसावा, दोन पानं गिचमिड,
कडेला तेलाचा अंगठा:
"कानस पुढे जाताना कापते.
मागे आणताना उचलायची, नाहीतर दात बोथट होतात.
डोक्याला लगेच कळलं. हाताला तीन दिवस लागले."
खाली ब्रिंकशुल्टेंचं अक्षर, सहीच्या आधी:
"डावं कोपर अजून उडतं."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.
दोन वर्षं मी पुढे-मागे, पुढे-मागे घासत होतो,
दात जात होते,
आणि वहीत दर शुक्रवारी, सुवाच्य अक्षरात:
कानसकाम, उत्तम.